सत्तर टक्क्यांचं ढकलपत्र

लेखकमंडळींच्या गटांत एक ढकलपत्र अधूनमधून फिरत असतं: प्रकाशकांचे दिवस संपले. पुस्तक स्वतःच ऑनलाइन टाका. ७० टक्के रॉयल्टी, हक्क तुमचे, खर्च शून्य, वाचक थेट तुमच्याकडे. आणि पुस्तक गाजलं की प्रकाशकच दार ठोठावतील. यात थोडं खरंही आहे, म्हणूनच ते पटतं. ॲमेझॉनच्या केडीपीचे (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, म्हणजे लेखकानं स्वतःच पुस्तक काढायची सेवा) नियम समोर ठेवून एकेक दावा तपासू, कारण तो ७०चा आकडा तिथूनच आलाय.

२०१० मध्ये आलेला हा दर सरसकट नाही. अमेरिकी बाजारात ई-पुस्तकाची किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या दरम्यान असेल तरच तो लागू होतो. एरवी ३५ टक्के. नवा लेखक वाचक जमवायला ९९ सेंट किंमत लावतो आणि त्याच्या हातात जेमतेम ३५ सेंट पडतात. शिवाय ७० टक्के निवडले, की फाइलच्या आकारानुसार मेगाबाइटमागे १५ सेंट 'डिलिव्हरी' खर्च आधीच कापला जातो. कादंबरीला त्याची झळ नाही. पण मुलांसाठीचं १० मेगाबाइटचं सचित्र पुस्तक २.९९ला ठेवा: दीड डॉलर गेला, उरलेल्या १.४९चे ७० टक्के म्हणजे १.०४. ३५ टक्के निवडले असते तर ही कपात नाही, मिळाले असते १.०५! हा हिशेब ढकलपत्रात कोण कशाला देईल?

हक्क मात्र खरोखर लेखकाकडेच राहतात, आणि ही मोठी गोष्ट आहे. फक्त 'केडीपी सिलेक्ट' या ऐच्छिक योजनेत पुस्तक घातलं, की ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे विकता येत नाही, स्वतःच्या संकेतस्थळावर पूर्ण फुकटही ठेवता येत नाही. मुदत आपोआप वाढते. नको असेल तर आठवणीनं खूण काढावी लागते. त्या बदल्यात 'किंडल अनलिमिटेड'चे, म्हणजे वर्गणी भरून हवी तेवढी पुस्तकं वाचणारे, वाचक मिळतात, पण तिथला मोबदला कंपनी दरमहा ठरवते त्या निधीतून येतो. सुरुवातीला पुस्तकाचा दहावा भाग वाचला गेला, की ३० पानी असो वा ३०० पानी, सारखेच पैसे मिळत. जुलै २०१५ पासून वाचलेल्या पानांवर हिशेब सुरू झाला आणि छोट्या पुस्तिकांवर पोट भरणाऱ्यांची कमाई कोसळली. नियम बदलताना त्यांना विचारलं कोणी?

खर्च शून्य, तो फाइल चढवण्याचा. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, जाहिरात कोणाच्या खिशातून?

आता दार ठोठावणारे प्रकाशक. ढकलपत्रात हमखास येणारं नाव अमेरिकी लेखिका अमांडा हॉकिंग. स्वतः ई-पुस्तकं काढून ती गाजली, आणि २०११ मध्ये तिनं चार पुस्तकांसाठी सुमारे २० लाख डॉलरचा करार केला तो एका प्रस्थापित प्रकाशनसंस्थेशी! कारणही तिनं सांगितलं होतं: आठवड्याचे चाळीस तास ईमेल, मुखपृष्ठं आणि संपादकांच्या शोधात घालवायचे नव्हते, लिहायचं होतं. प्रकाशक नको म्हणायला हेच उदाहरण देतात, याचं मला नवल वाटतं.

'थेट वाचक' तर मुळीच नाहीत. गर्दी आहेच; सप्टेंबर २०२३ मध्ये तर केडीपीनं गैरवापर टाळायला एका खात्यावरून दिवसाला तीनच नवी पुस्तकं अशी मर्यादा घातली. आणि विक्रीचा आकडा दिसतो, पुस्तक कोणी घेतलं ते कळत नाही. ग्राहकाचा पत्ता कंपनीपाशी. तो हवा असेल तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आपल्या वार्तापत्राचा दुवा द्या. तेवढी मुभा आहे.