राजा नसलेला रस्ता

ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहराच्या वेनिझेलू मेट्रो स्टेशनात फलाटाकडे उतरताना मधल्या मजल्यावर मी रोज दोन-चार मिनिटं थांबते. तिथे खाली एक रस्ता आहे. संगमरवरी फरशीचा, सहाव्या शतकाच्या सुमाराचा. दोन्ही बाजूंना दुकानांचे गाळे, त्यांच्या गुडघाभर उंचीच्या भिंती. मधे चौक. वरच्या एग्नातिया रस्त्यावर बस, स्कूटर आणि कपड्यांची दुकानं, आणि पोटात हा जुना बाजारपेठेचा रस्ता, जवळजवळ त्याच रेषेत. दीड हजार वर्षांपूर्वी इथे लोक खरेदीला येत होते आणि आजही येतात.

या रस्त्याशी कुठल्याही राजाचं नाव जोडलेलं नाही. इथे लढाई झाली नाही, कुणाचा राज्याभिषेक झाला नाही. तरी या रस्त्यासाठी शहर काही वर्षं भांडलं, कोर्टात गेलं. हे मी इथे राहून पाहिलं आणि त्याच काळात पुण्यातल्या माझ्या मामाच्या घरातलं भांडणही फोनवरून ऐकत आले. म्हणून हे लिहिते आहे.

मामाचा वाडा शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आत आहे. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. कायदा १९५८ चा, पण त्याला खरे दात आले २०१० च्या दुरुस्तीनंतर. त्यामुळे आमच्या वाड्यासारखे कित्येक वाडे ना धड उभे राहतात, ना धड पाडून पुन्हा बांधता येतात. दर पावसाळ्यात दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, पहिल्या मजल्यावरचा कडीपाट टेकू लावून धरतो. "अगं, तुझं तिकडे ठीक आहे," तो म्हणतो. "तुम्ही दगड काचेत ठेवता. इथे दगड माणसाच्या डोक्यावर पडतो."

त्याचं हे वाक्य मला बरेच दिवस सुटलं नाही. कारण तो चुकीचं बोलत नाही.

मी इथे २०१५ मध्ये आले तेव्हा मेट्रोचं काम सुरू होऊन नऊ वर्षं झाली होती. एग्नातियावर पत्र्याची कुंपणं, त्यामागे खड्डे, दुकानदारांचा धंदा बसलेला, बसमध्ये चेंगराचेंगरी. कारण विचारलं की एकच उत्तर मिळायचं: "अर्खेआ." प्राचीन अवशेष. जिथे खणावं तिथे काहीतरी निघत होतं. सगळं काम संपेपर्यंत तीन लाखांहून जास्त वस्तू निघाल्या. वेनिझेलूचा हा रस्ता २०१२-१३ च्या सुमारास उघडा पडला. पहिला बेत असा होता की तो उचलून शहराबाहेरच्या एका जुन्या लष्करी छावणीत नेऊन मांडावा. लोक उठले. तेव्हाचे महापौर यानिस बुतारिस रस्ता जागेवर ठेवण्याच्या बाजूने उभे राहिले. पुढे स्टेशनचा आराखडा बदलला, रस्ता तिथेच ठेवायचं ठरलं. मग २०१९ मध्ये सरकार बदललं आणि निर्णय पुन्हा फिरला: फरशा काढायच्या, स्टेशन बांधायचं आणि फरशा परत आणून बसवायच्या. जगभरच्या बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्या, अभ्यासकांनी विरोध केला, प्रकरण सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात गेलं, तिथे सरकारची बाजू टिकली. दगडांना नंबर पडले, ते गेले आणि परत आले. ३० नोव्हेंबर २०२४ ला मेट्रो सुरू झाली.

त्याच्या साधारण दोन महिने आधी, २९ सप्टेंबर २०२४ ला, पुण्यात जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला होता. कसबा पेठेच्या पोटातून, मंडईखालून. माझ्या दोन्ही गावांच्या पोटात दोन महिन्यांच्या अंतराने गाडी धावायला लागली. दोन्हीकडे गल्लीबोळांचं, दाट वस्तीचं, जुनं गाव. कोथरूडला राहणारी माझी आई अजूनही "गावात जाऊन येते" म्हणते, म्हणजे पेठांत. आणि माझ्या शेजारच्या आजीबाई, ज्यांचं कुटुंब १९२२ च्या होरपळीत आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, इथे आलं, इस्तंबूलला नुसतं "पोली" म्हणतात. शहर. नाव घ्यायची गरजच नाही. 'इस्तंबूल' हा शब्दसुद्धा त्याच ग्रीक बोलीतून आला, "शहराकडे" या अर्थाच्या "इस तिन पोली" वरून.

वेनिझेलूचा रस्ता ज्या बायझंटाइन साम्राज्यातला, त्याच्याबद्दल आपल्याकडे शाळेत एक ओळ असते: १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, घेतलं, मग युरोपीय लोक समुद्रमार्ग शोधत निघाले. म्हणजे अकराशे वर्षांचं राज्य आपल्याला भेटतं ते मरताना. ३३० साली कॉन्स्टंटाइनने नवी राजधानी वसवली, तेव्हापासून तिथले लोक स्वतःला रोमन म्हणत होते. बोलायचे ग्रीक, धर्म ख्रिस्ती, पण नाव रोमन, "रोमेई". 'बायझंटाइन' हे नाव त्यांनी आपल्या राज्याला कधी दिलं नव्हतं. ते रूढ झालं हिएरोनिमस वोल्फ या जर्मन पंडिताच्या १५५७ च्या ग्रंथसंग्रहापासून, राज्य संपून शंभर वर्षं झाल्यावर. पुढे युरोपात तो शब्द गुंतागुंतीच्या, कपटी कारभाराला चिकटला. आपल्याकडे 'मोगलाई' शब्दाचं जे झालं तेच. एकदा एखाद्या काळाचं नाव शिवीसारखं वापरलं जाऊ लागलं की त्या काळातला भट्टीवाला, शिंपी, पाणक्या, कुणीच आपल्याला दिसत नाही.

आणि त्या रोमन माणसांची सरळ साखळी फार उशिरापर्यंत टिकून होती. लेम्नोस बेटावर जन्मलेले इतिहासकार पीटर हारानिस आपल्या लहानपणची आठवण सांगत: १९१२ मध्ये ग्रीक सैनिक बेटावर उतरले, पोरं बघायला धावली. सैनिकांनी विचारलं, काय बघता? पोरं म्हणाली, हेलेनी, म्हणजे ग्रीक, लोक कसे असतात ते. "मग तुम्ही हेलेनी नाही?" "नाही, आम्ही रोमन." दादाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला.

पण नव्या ग्रीस देशाला ही मधली अकराशे वर्षं नको होती. त्यांना प्राचीन अथेन्सचा नेता पेरिक्लीस हवा होता. १८३४ मध्ये अथेन्स राजधानी झाली आणि सॉक्रेटिसच्या काळातलं शहर मोकळं करायचं म्हणून वरचं मध्ययुगीन शहर खरवडून काढलं. सत्तरच्या आसपास लहान चर्च पाडली आणि त्यांचा संगमरवर नव्या कॅथेड्रलला लावला. अकराव्या शतकातलं काप्निकारेआ हे चर्च आज एर्मू रस्त्याच्या मधोमध उभं आहे, तेही नकाशात आडवं येत होतं. ग्रीसच्या राजाचे वडील, बव्हेरियाचे लुडविग, मधे पडले म्हणून वाचलं. ज्यांनी आपल्या हाताने आपलंच मधलं युग पाडलं त्यांची पतवंडं दोनशे वर्षांनी दुकानांच्या एका रस्त्यासाठी कोर्टात गेली. ही समज त्यांना एका दिवसात आली नाही.

मला त्या साम्राज्याची भुरळ पडली ती इस्तंबूलच्या आया सोफियाच्या घुमटाने नाही, एका बाजारनियमांच्या संग्रहाने. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, सम्राट सहाव्या लिओच्या काळात, कॉन्स्टँटिनोपलच्या नगराधिकाऱ्यासाठी हे नियम बांधले गेले. त्यात सावकार आहेत, रेशीमवाले, साबणवाले, मेणबत्तीवाले. गव्हाचा भाव बदलला की भट्टीवाल्यांनी अधिकाऱ्याकडे जाऊन पावाचं वजन नव्याने ठरवून घ्यायचं. भट्टी राहत्या घराखाली लावायची नाही, कारण आग. अत्तरवाल्यांनी आपली दुकानं राजवाड्याच्या दरवाजाजवळच मांडायची, म्हणजे सुवास वर ख्रिस्ताच्या प्रतिमेपर्यंत आणि वाड्याच्या देवड्यांपर्यंत पोचेल. खानावळवाल्यांनी रात्रीचा दुसरा तास झाला की दिवे विझवायचे, नाहीतर पिणारे रात्रभर मारामाऱ्या करतील. मी हे वाचत असताना मला पुण्याची कोतवाली दिसत होती. तिचे कागद आजही पेशवे दफ्तरात रुमालांत बांधून आहेत, मोडीत. किती घरांतल्या माणसांना आपल्याच पणजोबांची अक्षरं वाचता येतात?

आणि या थेस्सालोनिकीची जत्रा! बाराव्या शतकातल्या एका ग्रीक लेखनात तिचं वर्णन आहे. ऑक्टोबरात, गावचा रक्षणकर्ता संत दिमित्रिओस याच्या उत्सवात, शहराबाहेर पालं पडत. समोरासमोर तंबूंच्या दोन लांब रांगा, त्यांना फुटलेल्या आडव्या रांगा. टेकडीवरून बघणाऱ्याला ते सगळं बारीक पायांवर सरकणाऱ्या प्राण्यासारखं दिसलं. कापड पेलोपोनीजहून, माल इटलीहून, इजिप्तहून, स्पेनहून. घोडे, बैल, मेंढ्या, त्यांचे आवाज. जेजुरी किंवा पालीची जत्रा पाहिलेल्याला याचं भाषांतर लागत नाही.

मात्र इथल्या लोकांची आरती ओवाळायला मी बसलेले नाही. याच शहरात जगातल्या मोठ्या ज्यू दफनभूमींपैकी एक होती, तीन लाखांहून अधिक थडगी. १९४२ च्या डिसेंबरात जर्मन ताब्याच्या काळात ती उद्ध्वस्त झाली, आणि ती करताना शहराचं स्थानिक प्रशासन बाजूला उभं नव्हतं. थडग्यांचे दगड बांधकामांना वापरले गेले. पुढच्या वर्षी ४५,००० हून जास्त ज्यू नागरिक आउश्वित्झला पाठवले गेले. आज त्या जागेवर विद्यापीठ आहे आणि तिथे स्मारक उभं राहायला २०१४ साल उजाडलं. बायझंटाइन फरशीसाठी भांडणारं शहर आणि ही दफनभूमी विसरलेलं शहर एकच आहे. जो थर आपला वाटतो तो जपायचा आणि जो दुसऱ्याचा वाटतो त्याच्या फरशा करायच्या, ही खोड इथेही आहे, आपल्याकडेही आहे. गावांची नावं बदलण्यावरून आपल्याकडे जेवढा घसा कोरडा होतो त्याच्या दहावा हिस्सा तरी त्या गावांतल्या जुन्या हौदांवर, विहिरींवर, पेठांवर खर्च व्हावा असं मला मनापासून वाटतं.

जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हा मी इथे ऑफिसात पेढ्यांऐवजी इथलं लोकूम वाटलं. अभिमान मलाही आहे. पण किल्ल्यावर धान्य कुठून चढत होतं, खालच्या पेठेत घोड्याला नाल कोण ठोकत होतं, ते राहिलं कुठे? २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोसाठी खणताना जुने पाण्याचे भुयारी मार्ग सापडले. चार दिवस बातम्या आल्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळ टाकून शहरभर हौद भरले जात, माणूस आत उतरून चालू शकेल एवढे ते नळ. ती व्यवस्था शनिवारवाड्याइतकीच मोठी गोष्ट आहे. तिच्याभोवती १०० मीटरचं कुंपण कुणी घातलं नाही.

इथेच माझं दादाशी जमतं आणि इथेच बिनसतं. शनिवारवाड्याभोवती वर्तुळ आखून आतल्या माणसांना कुजत ठेवणं हे वारसा जपणं नव्हे. त्या वर्तुळातले वाडे हासुद्धा वारसाच आहे, आणि नियम त्यांनाच मारतो आहे. दादाला घर बांधायची परवानगी मिळालीच पाहिजे, ठरावीक उंचीपर्यंत, लवकर. पण दादाला हवंय ते सगळं सपाट करून नवी इमारत, आणि पाडणारा ठेकेदार सागवानी खांबांचे पैसे आगाऊ द्यायला तयार आहे. ते खांब कुठल्यातरी हॉटेलच्या दारात उभे राहतील. ग्रीसमध्ये २००२ च्या कायद्याप्रमाणे अशा जागी खणताना पुरातत्त्व खात्याचा माणूस उभा असतो. काही निघालं तर काम थांबतं. लोक त्याला शिव्या घालतात, खर्च आणि उशीर दोन्ही खरे आहेत. तरी पाडण्याआधी मोजतात, काढतात, लिहून ठेवतात. आपल्याकडे तेवढं तरी व्हावं, आणि त्याचा खर्च दादाच्या खिशातून नव्हे, सगळ्यांच्या पैशातून व्हावा.

वेनिझेलूच्या फरशा परत बसवल्या याचं मला समाधान आहे, पण पूर्ण नाही. ज्या मातीवर त्या दीड हजार वर्षं टेकल्या होत्या ती माती गेली. त्या मातीत बिया असतील, राख असेल, एखाद्या गाळ्यातल्या सोनाराचा कीस असेल. वाड्याचंही तसंच. खांब हॉटेलात गेला तरी तो कुठल्या चौकातला, त्याला टेकून कोण बसत होतं, हे लिहिलेलं नसेल तर तो नुसता लाकडाचा तुकडा.

हे सगळं मी दादाला गेल्या महिन्यात सविस्तर लिहिलं. कायदा बदलेपर्यंत थांबू नको, खातं येईपर्यंत थांबू नको, दिंडी दरवाजापासून सुरुवात कर आणि मोजून काढ, असं. तो चिडला. पंधरा दिवस फोन नाही.

काल रात्री त्याचे फोटो आले. माजघरातले कोनाडे, जोत्याचे दगड, आजोबांच्या लाकडी पेटीतले मोडीतले हिशेब. शेवटच्या फोटोत टेप धरलेला हात वहिनीचा आहे. खाली दादाने लिहिलंय: ओसरी, १९ फूट ४ इंच.