लेकीला काउन्सेलिंगला नेलं, आणि मॅडमनी आधी आम्हाला बसवलं

ही पोस्ट आधी लेकीला वाचून दाखवली आहे. तिने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आणि मगच टाकतेय.

नारायण पेठेत माझी खानावळ आहे, सोळा वर्षं झाली. जेवणारी आणि डबे नेणारी पोरं बहुतेक एमपीएससीची. कुणी बीडचा, कुणी नंदुरबारची, दिवसभर अभ्यासिकेत. डबा परत कसा येतो यावरून पोराचं काय चाललंय ते मला कळतं. पूर्वपरीक्षेचा निकाल लागला की चार-पाच डबे तसेच येतात, पोळ्यांची घडीसुद्धा मोडलेली नसते. मग मी त्या पोरांना हाक मारते, ताक देते, शेजारी बसवून विचारते. लोकांच्या मुलांचं मला असं कळत होतं, आणि माझी स्वतःची मुलगी चार महिने अर्ध्या पोळीवर ताटावरून उठत होती तेव्हा मी तिला "नखरे करू नकोस" म्हणत होते. हे आजही आठवलं की पोटात कालवतं.

दहावीला तिला ९३ टक्के. अकरावी सायन्स घेतलं, जोडीला जेईईचा क्लास. दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं, तेही सकाळी क्लासला निघायच्या वेळेलाच. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल. क्लासमध्ये सांगायला गेले तर तिथले सर म्हणाले, "अशी मुलं टिकत नाहीत, वेळीच ठरवा." माझ्यासमोर आणि तिच्यासमोर. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पोटाचं औषध आता मी देणार नाही, हिला समुपदेशकाकडे न्या.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "येरवड्याला नेणार का पोरीला?" पुण्यात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. तिथलं मनोरुग्णालय हे आजारी माणसांचं हॉस्पिटल आहे, आणि आपण त्या गावाच्या नावाची पिढ्यान्‌पिढ्या शिवी करून ठेवली आहे. याच शिवीच्या धाकाने किती घरांत मुलं गप्प बसत असतील! बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये जी राष्ट्रीय पाहणी केली, तिच्यात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार दिसला होता. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार-पाच मुलं. आपल्या मुलांच्या वर्गातल्या त्या चार-पाच जणांची नावं आपल्याला माहीत आहेत का?

पहिल्या दिवशी मी मॅडमना म्हटलं, "हिला जरा समजावून सांगा, तुमचं ऐकेल." मिक्सर दुरुस्तीला टाकावा तशी मी तिला तिथे टाकायला गेले होते. मॅडमनी ऐकून घेतलं आणि जास्त प्रश्न मलाच विचारले. घरी कोण किती वाजता येतं, जेवताना काय बोलता, शेवटचं तिघं मिळून कुठे गेला होता. निघताना म्हणाल्या, पुढच्या वेळी बाबांनाही आणा.

हे म्हणाले, "मला काय झालंय?"

मला या पोस्टमध्ये खरं तर याच वाक्याबद्दल बोलायचंय, कारण ते मी नंतर ओळखीच्या चार घरांत ऐकलं. यांना मी मुक्तांगणचं उदाहरण दिलं. १९८६ पासून आपल्या पुण्यात आहे ते, आणि तिथे व्यसन सोडायला आलेल्या माणसाबरोबर घरच्यांनाही बोलतं करतात. दारू एकजण पितो, मग घरच्यांना कशाला बोलावतात, एवढंच विचारलं. दोन दिवस काही बोलले नाहीत, मग आले.

त्या बैठकीत मॅडमनी लेकीला विचारलं, घरी सगळ्यात जास्त ताण कधी येतो? ती म्हणाली, "संध्याकाळी बाबांच्या गाडीचा आवाज आला की." यांनी तिच्यावर कधी हात उचललेला नाही, आवाजही चढवत नाहीत. पण हेल्मेट हातात असतानाच विचारतात, "आज टेस्टला किती?" रोज. हे किल्ल्यांच्या जुडग्यातली एक-एक किल्ली पुढे सरकवत खाली बघत बसले होते. त्या रात्री जेवले नाहीत.

मॅडमनी आम्हाला एक काम दिलं. रात्री पंधरा मिनिटं तिघांनी बसायचं आणि अभ्यास, मार्क, मोबाइल हे तीन विषय सोडून बोलायचं. पहिल्या रात्री आम्हाला विषयच सापडेना. सोळा वर्षांची मुलगी समोर, आणि तिच्याशी काय बोलायचं ते आई-बापाला सुचत नाही! चौथ्या रात्री तिने पीएमपीतल्या एका कंडक्टरची नक्कल केली, थांब्यांची नावं भजनाच्या चालीत पुकारणाऱ्या. डेक्कन, गरवारे, नळस्टॉप. हे डोळे पुसेपर्यंत हसले. कित्येक महिन्यांनी घरात असा आवाज ऐकला मी.

मला जड गेली ती वेगळीच गोष्ट. ती एकटी आत असायची आणि मी बाहेर बाकावर. आत काय बोलली ते मॅडम मला सांगत नाहीत. जिवाला धोका वाटला तर लगेच सांगेन, एरवी नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं. तरी मी एकदा फोन करून विचारलंच, आणि त्यांनी शांतपणे नकार दिला. फार लागलं मला. पण उद्या त्या मला सगळं सांगायला लागल्या तर माझी मुलगी तिथे तोंड उघडेल का?

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी एवढं बघा. औषध लिहून देऊ शकतात ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचार शिकलेले डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषध न देता बोलण्यातून उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ असतील, तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी विचारा. समुपदेशकांना कुठे शिकलात, किशोरवयीन मुलांबरोबर किती काम केलंय, हे बिनधास्त विचारा. चांगला माणूस चिडत नाही. आम्हाला एका बैठकीचे बाराशे रुपये पडतात, सुरुवातीला दर आठवड्याला. आमच्यासारख्यांना ते सोपं नाही. पण जेईईच्या क्लासची फी भरताना आम्ही असा हिशोब केला नव्हता.

पैशांची अडचण असेल तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. खानावळीच्या फळ्यावर आता मी रोजच्या भाजीखाली हा नंबर लिहिते. माझ्याकडची पोरं बावीस-पंचवीसची, आई-बाप गावी, घरी खरं सांगायची सोय नाही. त्यांना मी सांगते, अठरा पूर्ण झालीत ना, मग जायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि गावाहून फोन करणाऱ्या पालकांनो, "अभ्यास कसा चाललाय" याच्या आधी "जेवलास का" विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

सात महिने झाले. क्लास सोडला, कॉलेज चालू आहे. कधीकधी सकाळी अजून पोट दुखतं, तेव्हा ती सांगते आणि आम्ही थांबतो. सासूबाई परवा तिच्याबरोबर गेल्या होत्या, बाहेरच्या बाकावर जपमाळ घेऊन बसल्या.

कुणाला पहिल्या दिवशी एकटं जायचा धीर होत नसेल तर मला मेसेज करा. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असते, तेव्हा निवांत बोलता येईल.