वायडी लागलेल्यांचा रिझ्युमे

रविवारी सकाळी बार्शीहून मामाचा फोन. आधी पाऊसपाणी, मग आईचे गुडघे, मग माझ्या पोराची शाळा, आणि पंधरा मिनिटांनी मुद्दा, "तू त्याच्या त्या बायोडाट्यात जरा लक्ष घाल गं, दीड वर्ष झालं नुसता पाठवतोय, कोण फोनपण करंना." मामाला नोकरीचा बायोडाटा आणि लग्नाचा बायोडाटा एकच वाटतो, आणि खरं सांगू का, मामेभावाने पाठवलेली पीडीएफ उघडली तेव्हा मामाचं फार चुकतंय असंही वाटलं नाही. पासपोर्ट फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, मॅरिटल स्टेटस, छंद: गाणी ऐकणे. फक्त गोत्र आणि उंची राहिली होती.

पोरगं हुशार आहे हो, हे मी बहीण म्हणून नाही सांगत. पण शिक्षणाचा आलेख म्हणजे घाटातला रस्ता. २०१५ ला दहावी ८४ टक्के, सगळ्या गल्लीला पेढे. मग सायन्स, २०१७ ला बारावीत फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही राहिले. मग पुन्हा पहिल्यापासून कॉम्प्युटरचा डिप्लोमा तीन वर्षं, मग पुण्यात इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयर. २०२२ ला मामाची बायपास झाली, हा दुकान बघायला बार्शीला गेला, टीईचे (म्हणजे तिसऱ्या वर्षाचे) इतके विषय राहिले की वायडी लागला, म्हणजे इयर डाऊन, पुढच्या वर्गात प्रवेश नाही, वर्ष वाया, आणि शेवटी २०२४ ला डिग्री. दहावीनंतर लोकांना सहा वर्षं लागतात, याला नऊ. आणि हे सगळं त्याने पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात टेबल करून, टक्क्यांसकट, बारावीच्या रांगेत 'फेल' असं लिहून ठेवलं होतं. मी म्हटलं अरे फेल कोण लिहितं, तर म्हणे, "खोटं कशाला बोलायचं ताई?"

आता इथे मला थांबून माझं सांगायला पाहिजे, कारण मी पण वायडीवालीच. पुणे विद्यापीठ, २००८ ची ॲडमिशन, एफईचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा, एमटू (मॅथ्सचा दुसरा पेपर) राहिला तो राहिलाच, आणि नियम असा की एफई पूर्ण सुटल्याशिवाय टीईला प्रवेश नाही, म्हणजे एसई (दुसरं वर्ष) पास होऊनसुद्धा मी वर्षभर घरी. मुंबईवाले ज्याला केटी म्हणतात ते आमच्याकडे बॅकलॉग, पण घरच्यांसाठी दोन्हीचा अर्थ एकच असतो, 'पोरगी नापास झाली'. २०१२ ऐवजी २०१३ ला पास आऊट. आणि तेव्हा (आताही) बहुतेक मोठ्या भरतीच्या जाहिरातीत एकच ओळ, सिक्स्टी परसेंट थ्रूआऊट. दहावी, बारावी, डिग्री, तिन्हीकडे ६०. माझी दहावी ठीक, डिग्री ६१, आणि बारावी ६०० पैकी ३५६. करा भागाकार. ५९.३३.

मी फॉर्मवर ६० लिहिलं. राऊंड ऑफ केलं असं स्वतःलाच सांगितलं. ॲप्टिट्यूड निघाली, टेक्निकल निघाला, एचआर निघाला, ऑफर लेटर आलं, आईने देवापुढे ठेवलं. जॉइनिंगच्या दिवशी कागद तपासायला बसलेल्या मुलीने माझी प्लास्टिकची फाइल उघडली, बारावीची मार्कलिस्ट काढली, कॅल्क्युलेटर घेतला आणि पेन्सिलीने मार्कलिस्टच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ५९.३३ लिहिलं. काही बोलली नाही, फाइल उचलून आत गेली. वीस मिनिटांनी मला सांगितलं की तुम्ही थांबू नका. ती मार्कलिस्ट अजून आहे माझ्याकडे, तो पेन्सिलीचा आकडा मी खोडला नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांची काही चूक नव्हती.

म्हणून खोट्याबद्दल माझं मत एकदम साधं आहे, कोणी मला कमेंटमध्ये 'सगळेच करतात' सांगू नका. फॉर्मवर टक्के विचारले तर दशांशासकट खरे लिहायचे. बीजीव्हीवाले, म्हणजे कंपनीसाठी उमेदवाराची पार्श्वभूमी तपासणारे, विद्यापीठाकडून पडताळून घेतात, आणि क्लासवाले जे दोन वर्षांचा 'एक्स्पीरियन्स' विकतात ना, पगाराच्या स्लिपसकट, तो तर पीएफचा रेकॉर्ड मागितला की उघडा पडतो. पण पोरांना एक फरक कळत नाही. फॉर्म वेगळा आणि रिझ्युमे वेगळा. फॉर्ममध्ये ते विचारतात आणि आपण उत्तर देतो, रिझ्युमेत काय आधी सांगायचं ते आपण ठरवतो. बारावी नापास ही क्वालिफिकेशनच नाही, मग ती क्वालिफिकेशनच्या टेबलात कशाला? कोणी विचारलं तर खरं सांगायचं, पण दारात उभं राहून आपणच आधी ओरडायचं नाही ना.

तर मी त्याचं टेबल उडवलं. एज्युकेशन पार खाली, दोन ओळी. बीई कॉम्प्युटर, विद्यापीठ, २०२४. डिप्लोमा, एमएसबीटीई (राज्याचं तंत्रशिक्षण बोर्ड), २०२०. बास. कधी सुरू केलं ते नाही, टक्के नाहीत. यावर माझ्या ऑफिसातल्या एकाचं म्हणणं की टक्के नाही लिहिले तर कमी असणार हे कळतंच की. कळू दे! तोपर्यंत वाचणारा पानाच्या तळाला पोचलेला असतो, वरचं सगळं वाचून. आणि उलट सल्ला देणारे पण आहेत, एज्युकेशन काढूनच टाका म्हणतात, ते मला पटत नाही, जे नाही त्याच्याकडेच आधी लक्ष जातं.

आता वर काय ठेवायचं, खरी गोची तिथेच होती. त्याने प्रोजेक्टमध्ये काय लिहिलेलं? लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम. मी गेली सहा वर्षं इंटरव्ह्यू घेते, पोरागणिक हीच सिस्टीम, महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांची अवस्था बघता एवढ्या सिस्टीम कुठे चालतात देव जाणे. मी विचारलं अजून काय केलंस, तर एक टू डू ॲप, एक ओटीटीचा क्लोन. मग मी सहज म्हटलं की त्या वर्षी दुकानात नुसता गल्ल्यावर बसायचास का रे, तर म्हणाला नाही, ते एक्स्पायरीचं केलं होतं की.

म्हणजे काय ते ऐका. मामाचं मेडिकल आहे. औषधं एक्स्पायर व्हायच्या आधी ठराविक मुदतीत स्टॉकिस्टकडे (घाऊक विक्रेत्याकडे) परत केली तर पैसे मिळतात, मुदत गेली की माल अंगावर. मामा हे सगळं वहीत आणि डोक्यात ठेवायचा आणि बायपासनंतर ते डोक्यातलं राहिलं डोक्यातच. याने काय केलं, दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून रोज रात्री एक्सेल काढायची, पायथनच्या स्क्रिप्टने (छोट्या प्रोग्रामने) पुढच्या ९० दिवसांत एक्स्पायर होणारा माल वेगळा काढायचा, तो स्टॉकिस्टप्रमाणे गटात लावायचा आणि सकाळी मामाच्या व्हॉट्सॲपवर यादी. मध्ये एक भानगड अशी की एक्सेलमध्ये एक्स्पायरी कुठे ०३/२४, कुठे मार्च २४, कुठे नुसतंच ३-२४ आणि तेही एक्सेलने परस्पर भलतीच तारीख करून टाकलेलं, ते सगळं सरळ करायलाच दोन आठवडे गेले म्हणे. साधारण १,८०० आयटम. दुकानात अजून चालू आहे ते.

मी फोनवर ओरडलेच. अरे हे रिझ्युमेत कुठाय?! तर शांतपणे म्हणतो, "ते दुकानातलं गं ताई, ते कुठं लिहित्यात?"

इथेच चिडचिड होते माझी. कॉलेजने पोरांच्या डोक्यात बसवलंय की प्रोजेक्ट म्हणजे काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं आणि एक्स्टर्नलची सही. ज्या वर्षाची हा लाज बाळगत होता, नेमकं त्याच वर्षात याने एकमेव खरं काम केलेलं, ज्याला खरा वापरणारा होता, खराब डेटा होता, आणि चुकलं तर घरातले पैसे जाणार होते. तेव्हा गॅप भरायचा म्हणजे काय, गॅपमध्ये जे केलं ते लिहायचं. दुकान, शेती, आजारपणात हिशोब सांभाळले, गल्लीतल्या क्लासची वेबसाइट, काहीही, पण त्यात तुमच्या हातचं टेक्निकल काय होतं ते नेमकं. आता त्याच्या पानावर वर नाव, फोन, ईमेल, गिटहब (कोड ठेवायची साइट), आणि लगेच खाली मेडिकलचा एक्स्पायरी ट्रॅकर, चार ओळी: काय अडचण होती, किती आयटम, तारखांचा गोंधळ कसा सोडवला, किती दिवसांपासून चालू आहे. कोड गिटहबवर, खऱ्या मालाची यादी काढून खोटी टाकून, आणि रीडमी फाइलमध्ये कसं चालवायचं ते. खाली एक ओळ, 'जुलै २०२२ ते जून २०२३, वडिलांच्या शस्त्रक्रियेमुळे शिक्षणात खंड, या काळात दुकान सांभाळलं.' एवढंच. काही जण तिथे अख्खी कहाणी लिहितात, डेंग्यू, घरची परिस्थिती, भावाचं लग्न, वाचून वाईट वाटतं पण वाईट वाटून मी पुढच्या राऊंडला कसं पाठवू कोणाला?

बाकी किरकोळ साफसफाई. करिअर ऑब्जेक्टिव्ह गेलं, खालचं 'वरील माहिती सत्य आहे' सहीसकट गेलं. स्किलमध्ये २६ नावं होती, एमएस ऑफिसपासून ब्लॉकचेनपर्यंत, नऊ ठेवली. (मी स्वतः यादीतल्या शेवटच्या नावावर पहिला प्रश्न विचारते, पोरं तिथेच पांढरी पडतात.) जावाला पाच पैकी चार चांदण्या, त्या पण काढल्या. आणि ते दोन कॉलमचं रंगीत टेम्प्लेट! ते कसं तपासायचं सांगते, पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. जे दिसतं, साधारण तसंच कंपनीच्या रिझ्युमे गाळणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसतं. याचं पेस्ट केलं तर फोन नंबरच्या मध्ये 'टीमवर्क' आलं होतं आणि ईमेल दोन तुकड्यांत. दीड वर्ष फोन का नाही आला त्याचं अर्धं उत्तर तिथेच.

उरलेलं अर्धं म्हणजे हा पाठवत कुठे होता. सगळे अर्ज त्याच थ्रूआऊटवाल्या मोठ्या कंपन्यांना. त्या गाळणीत रिझ्युमे माणसापर्यंत पोचतच नाही, तिथे कितीही सुंदर लिहा. आणि भरती कमी झाली की गाळणी अजून बारीक होते, २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात एकट्या टीसीएसची माणसं १३,२४९ ने कमी झाली, हा नेमका तेव्हाच बाहेर पडला. गूगलच्या एचआरचा तेव्हाचा प्रमुख लाझ्लो बॉक याने २०१३ मध्येच सांगितलं होतं की भरतीसाठी जीपीए (म्हणजे डिग्रीचे मार्क) काही कामाचा नाही, पण ते हिंजवडीच्या आयटी कंपन्यांना पोचायचंय अजून. मला पहिली नोकरी दिली ती बाणेरच्या एका फ्लॅटमध्ये चालणाऱ्या ११ जणांच्या कंपनीने, १२ हजार पगार, मार्कलिस्ट बघितलीच नाही, लॅपटॉप पुढे सरकवला आणि हा बग शोध म्हणाले. म्हणून याला सांगितलं की फार्मसी, हॉस्पिटल, किराणा यांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या छोट्या कंपन्या शोध, चार ओळींचं ईमेल लिही, पहिल्या ओळीत एक्स्पायरी.

आणि एक, ज्या विषयात आपटलो त्याचा डाग पुसायचा असेल तर एनपीटीईएल बरं पडतं. आयआयटीचे कोर्स, शिकणं फुकट, परीक्षेची फी हजाराच्या आसपास, पण परीक्षा सेंटरला जाऊन द्यावी लागते आणि बहुतेक कोर्समध्ये ७५ टक्के मार्क त्या परीक्षेचे, त्यामुळे नुसते व्हिडिओ पुढे ढकलून मिळालेल्या सर्टिफिकेटपेक्षा त्याला वजन आहे. याचा टीईला डेटाबेस राहिला होता, डेटाबेसचाच कोर्स करायला लावलाय. गूगल समर ऑफ कोडला (सगळ्यांना खुल्या असलेल्या ओपन सोर्स सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर काम करायचा गूगलचा कार्यक्रम) पण २०२२ पासून कॉलेजचा विद्यार्थी असायची अट नाही. पण ते लगेच जमणारं नाही, आधी महिनोन्महिने त्या प्रोजेक्टमध्ये किडूकमिडूक दुरुस्त्या कराव्या लागतात.

परवा त्याचा एक इंटरव्ह्यू झाला, ऑनलाइन. पहिलाच प्रश्न, कापलेली स्ट्रिप असेल, दहातल्या सहा गोळ्या उरल्यात, ती तुझ्या यादीत कशी धरतोस? हा वीस मिनिटं बोलला म्हणे. ती परत जात नाही, म्हणून तिला वेगळा शिक्का, मग मामा ती आधी कशी खपवतो वगैरे सगळं. वायडीचं शेवटी विचारलं, याने एका वाक्यात सांगितलं, ते ओके म्हणाले आणि जॉइन कधी होऊ शकतोस यावर गेले. दुसरा राऊंड पुढच्या आठवड्यात आहे.

मामाने आता रिझ्युमे प्रिंट काढून गल्ल्याच्या काचेखाली ठेवलाय. काल परत फोन, म्हणे दुकानाचं नाव छापलंस ते झ्याक केलंस, पण खाली मोबाइल नंबर आणि 'होम डिलिव्हरी मिळेल' तेवढं टाकायचं राहिलं बघ.