१९ दिवस, ५ सुवर्णं आणि घड्याळ

जुलै आला की लोकमान्य नगरातल्या आमच्या मराठी ग्रुपवर तो मेसेज पुन्हा उगवतो. परवा सकाळी, पोहे-जिलबीच्या फोटोंच्या मधोमध, काकांनी टाकला: ‘हिमा दासने १९ दिवसांत ५ सुवर्णपदके जिंकून जगाला हरवले. क्रिकेटच्या नादात मीडियाने दखलही घेतली नाही. बक्षिसाची सगळी रक्कम तिने आसामच्या पूरग्रस्तांना दिली. पुढे पाठवा.’ मी पाठवला नाही. का, ते सांगते.

आकडा खरा आहे. हिमा आसामची धावपटू. २०१९च्या जुलैत २ तारखेला पोझनान, ७ला कुत्नो, १३ला क्लाद्नो, १७ला ताबोर, २०ला नोव्हे मेस्तो. पहिली दोन पोलंडमधली, बाकीची चेक प्रजासत्ताकातली. चारदा २०० मीटर, शेवटी ४००. पाचही वेळा हिमा पहिली.

‘जगाला हरवले’ म्हटलं की मात्र गाडी घसरते. या छोट्या स्पर्धा होत्या. भारतीय चमू तिकडे सरावाला गेला होता, जोडीला शर्यती पळत होता. कुत्नो, ताबोर आणि नोव्हे मेस्तोत दुसरी कोण आली? व्ही. के. विस्मया, हिमाच्याच रिले संघातली. नोव्हे मेस्तोत तिसरी होती गुजरातमधल्या डांगची सरिता गायकवाड. जग कुठं होतं? आपण इंदूरकर, चारदा रणजी जिंकलेल्या होळकर संघाच्या गावचे. जिमखान्यावरच्या सराव सामन्याला आपण रणजी फायनल म्हणू का?

आणि धावण्यात पदकाआधी घड्याळ बघायचं असतं. नोव्हे मेस्तोत हिमाची वेळ ५२.०९ सेकंद. याच मुलीनं २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये ५०.७९चा राष्ट्रीय विक्रम करून रौप्य मिळवलं होतं. त्याच वर्षीच्या दोह्याच्या जागतिक स्पर्धेसाठी पात्रतेची वेळ होती ५१.८०. दोनशेत त्या महिन्यातली तिची सर्वोत्तम वेळ २३.२५, हवी होती २३.०२. म्हणजे पाच सुवर्णं झाली, तरी एकाही शर्यतीनं दोह्याचं दार उघडलं नाही.

यात तिचा कमीपणा नाही. २०१९च्याच एप्रिलमध्ये आशियाई स्पर्धेत कंबर धरल्यामुळे तिला ४००ची प्राथमिक फेरीही पूर्ण करता आली नव्हती. त्यानंतर तीन महिन्यांत ओळीनं पाच शर्यती पळणं, हे तिच्यासाठी मोलाचंच होतं. पण हे मेसेजमध्ये नाही, कारण दुखण्यातून सावरणाऱ्या मुलीची गोष्ट ‘जगाला हरवले’इतकी पळत नाही. पुढे रिले संघात नाव असूनही पाठदुखीमुळेच तिची जागतिक स्पर्धा हुकली.

मीडियानं दखल घेतली नाही? पंतप्रधानांपासून तेंडुलकरपर्यंत सगळ्यांनी जाहीर अभिनंदन केलं होतं. दखल जरा जास्तच झाली, असं माझं मत.

पूरग्रस्तांना तिनं दिला तो एका महिन्याचा अर्धा पगार. नोकरी इंडियन ऑइलमध्ये होती. तेवढंही पुष्कळ आहे, फुगवायची गरज नाही.

खरं सांगायचं तर सांगावं १२ जुलै २०१८बद्दल. फिनलंडमधलं टॅम्पेरे, वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा, ४०० मीटर अंतिम शर्यत. शेवटच्या सरळ पट्ट्यावर आली तेव्हा ही अठरा वर्षांची, नगाव जिल्ह्यातल्या भातशेतकऱ्याची मुलगी मागे होती. मग एकेकीला गाठत गेली: ५१.४६. दुसरी रुमानियाची आंद्रेया मिक्लोश, ५२.०७. ट्रॅकवरच्या शर्यतीत जागतिक स्पर्धेचं सुवर्ण त्याआधी कुठल्याच वयोगटात भारताला मिळालं नव्हतं. भालाफेकीत नीरज चोप्रा होता, पण ती फेक, ट्रॅकवरची शर्यत नव्हे.

गंमत म्हणजे याच शर्यतीचा व्हिडिओ २०२२मध्ये ‘बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात हिमाला सुवर्ण’ म्हणून फिरला. एका नामवंत माजी क्रिकेटपटूनंही अभिनंदन करून टाकलं, मग पुसलं. हिमा तोवर धावलीही नव्हती! धावली तेव्हा २०० मीटरच्या उपांत्य फेरीत २३.४२ लागले आणि अंतिम फेरी एक शतांश सेकंदानं गेली. त्या शर्यतीचा फॉरवर्ड मला अजून आलेला नाही.

काकांना मी टॅम्पेरेचा व्हिडिओ पाठवलाय. खाली तारीख घालून.