ग्लाम्सचा किल्ला आणि मॅकबेथच्या माथी मारलेला खून

स्कॉटलंडमधल्या ग्लाम्स किल्ल्याचा फोटो सध्या सगळीकडे फिरतोय. सोबतचा दावा असा: मॅकबेथने (अकराव्या शतकातला स्कॉटिश सरदार, शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकाचा नायक) डंकन राजाला याच किल्ल्यात मारलं, हजार वर्षं वास्तू जशीच्या तशी उभी आहे आणि टोकदार बुरुजांमुळे ती कुणालाच घेता आली नाही.

आधी खुनाचं. डंकन 1040 मध्ये मेला तो उत्तरेकडे, एल्गिनजवळच्या लढाईत. शेक्सपिअरच्या नाटकातही खून इन्व्हर्नेसला होतो. ग्लाम्स ही त्यात मॅकबेथची नुसती सरदारकीची पदवी. म्हणजे हा दावा इतिहासाला धरून नाहीच, नाटकालाही नाही! डंकनचा आजोबा दुसरा माल्कम 1034 मध्ये ग्लाम्सला वारला असं जुन्या बखरी सांगतात. घोळ बहुधा तिथूनच झाला असावा.

'जशीच्या तशी' तर अजिबात नाही. दुसऱ्या रॉबर्ट राजाने ही जहागीर सर जॉन लायनला दिली ती 1372 मध्ये. आजच्या इमारतीचा गाभा, म्हणजे काटकोनात वळलेलं उंच टॉवर हाउस (मनोऱ्यासारखं तटबंद घर), पंधराव्या शतकातलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लायन घराण्यातल्या पहिल्या अर्लने (अर्ल हा सरदारकीचा किताब) त्याच काटकोनात गोल जिन्याचा मनोरा चढवला. मग आला त्याचा नातू पॅट्रिक, तिसरा अर्ल. वारशात कर्जाचा डोंगर मिळालेला, तरी गड्याने बांधकाम सोडलं नाही. जुनं घर पाडण्याऐवजी एका बाजूला नवी पाख काढून त्याने दोन्ही अंगं जुळवली आणि समोरचा लांबलचक रस्ता थेट जिन्याच्या मनोऱ्यावर रोखला. आज फोटोत दिसणारा डौल मुख्यतः या माणसाचा. प्रार्थनागृहातली चित्रंही त्यानेच 1688 च्या सुमारास याकोब द वेट या डच चित्रकाराकडून करून घेतली. पुढे 1800 च्या आसपास पश्चिमेची पाख पुन्हा बांधली गेली, ते वेगळंच.

राहिले बुरूज. किल्ल्याची मालकीण जॅनेट डग्लस हिला पाचव्या जेम्स राजाने 1537 मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून एडिंबराला जिवंत जाळलं आणि ग्लाम्स जप्त करून तिथे स्वतःचा दरबार भरवला. वेढा नाही, तोफ नाही, एक फर्मान पुरलं. शिवाय वरचे शंकूसारखे छपराचे बुरूज बरेचसे त्यानंतरचे. त्या काळात असे बुरूज मिरवायचे ते घराण्याचा तोरा दाखवायला. त्यांच्या खालच्या भिंतींतल्या मोठाल्या खिडक्या बघा. वेढ्याची धास्ती असलेला माणूस एवढ्या खिडक्या ठेवेल का?