ठरलेली किंमत शेवटच्या आठवड्यात कापणाऱ्यांबद्दल

घराची किंमत ठरते. दोन्हीकडून होकार होतो, वकील कामाला लागतात, बँकेत अर्ज जातो. मग सह्यांना दोन दिवस राहिले असताना खरेदीदाराचा फोन येतो: "आम्हाला एवढ्या किमतीला परवडत नाही. पाच टक्के कमी करा, नाहीतर राहू द्या." या फोनला बरेच जण हुशारी म्हणतात. घर घेणाऱ्या तरुण मुलांना त्यांच्याच घरची मोठी माणसं हा सल्ला देताना मी ऐकते, "आत्ता हो म्हणून टाक, शेवटी बघू." मला याची मनापासून चीड आहे, आणि ती का आहे ते नीट लिहायचंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ठरलेली किंमत कमी करायला सांगणं हे मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. घर आपण दोन-तीनदा, तेही घाईघाईत बघतो आणि आकडा सांगतो. पाण्यात म्हैस आणि वर मोल, असाच तो प्रकार असतो. खरी तपासणी नंतर होते. तज्ज्ञ येतो, भिंतीला टेकलेलं कपाट सरकवतो, आणि मागे प्लास्टर फुगलेलं दिसतं. बोटाने दाबलं की पापुद्रा हातात येतो. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली तिरकी भेग दिसली तर पाया खचला असण्याची शक्यता तपासावी लागते. हे आपल्याला माहीत नव्हतं, दिसण्यासारखं नव्हतं, आणि ते दुरुस्त करायला पैसे लागणार आहेत. अशा वेळी गप्प बसून जुनीच किंमत मोजणं हा भाबडेपणा आहे. जरूर बोला.

पण बोलायची एक रीत आहे. रिपोर्ट आला की त्याच आठवड्यात विक्रेत्याला पूर्ण पाठवा, सोयीची दोन पानं काढून नाही. दुरुस्तीचे अंदाज दोन वेगवेगळ्या कंत्राटदारांकडून घ्या. आणि मागणी तेवढ्याच खर्चाची करा. ओल काढायला किमतीच्या दोन टक्के लागणार असतील तर दोन टक्के मागा. "मनस्ताप" म्हणून सहा मागू नका. छप्पर जुनं आहे हे पहिल्याच भेटीत दिसलं होतं आणि ते बघूनच तुम्ही आकडा दिला होता, तर ते छप्पर आता पुन्हा यादीत घालता येणार नाही. विक्रेता म्हणाला की मी स्वतः दुरुस्त करून देतो, किंवा काम होईपर्यंत तेवढी रक्कम वकिलाकडे ठेवू, तर त्यावरही विचार करा. ज्याला खरंच ओलीची चिंता आहे त्याला हे पर्याय चालतात. ज्याला फक्त आकडा कमी हवा असतो तो इथे अडखळतो, आणि ते समोरच्याला लगेच कळतं.

दुसरं खरं कारण म्हणजे बँकेचं मूल्यांकन. समजा १०० ला सौदा ठरला. बँक मूल्याच्या ८० टक्के कर्ज देणार, म्हणजे तुमच्या खिशातून २०. बँकेच्या माणसाने घराचं मूल्य ९२ लावलं. आता कर्ज मिळेल ७३.६. तुमची अडचण खरी आहे, पण ती आहे ६.४ ची. बहुतेक जण मात्र लगेच ८ कमी मागतात, "बँकच म्हणते घर ९२ चं आहे". हिशेब करून बघा: किंमत ९३.६ झाली तरी तुमच्या खिशातून जाणारे २० च राहतात. ९२ मागताना तुम्ही बँकेच्या आडून स्वतःसाठीही थोडं काढत असता. आणि मूल्यांकन हा एका माणसाचा अंदाज असतो. आसपासच्या ताज्या विक्रीचे आकडे देऊन त्यावर फेरविचार मागता येतो. तो न मागता थेट विक्रेत्याकडे धावणं मला पटत नाही. फेरविचार करूनही आकडा हलला नाही तर ती ६.४ ची तूट दोघांनी वाटून घेणं हा मला सगळ्यात सरळ मार्ग वाटतो.

"बाजार पडला" हे तिसरं कारण. यावर मी एकच प्रश्न विचारते. याच दोन महिन्यांत बाजार चढला असता, तर तुम्ही आपणहून फोन करून जास्त दिले असते का? आणि विक्रेत्याने वाढवून मागितले असते तर त्याला काय म्हणाला असता? किंमत ठरवायचीच असते ती मधल्या काळातल्या चढउताराची टांगती तलवार दोघांच्याही डोक्यावरून उतरावी म्हणून.

आता त्या शेवटच्या आठवड्यातल्या फोनकडे येते. त्यात घराबद्दल नवीन काहीच कळलेलं नसतं. नवीन एवढंच असतं की विक्रेता आता अडकलाय. त्याने पुढचं घर ठरवलंय, तिथे पैसे भरायची तारीख दिलीय, सामान बांधलंय, मुलांच्या शाळा बदलल्यात. इतर इच्छुकांना त्याने कधीच नाही म्हणून सांगितलंय, तेही तुमच्या होकारावर विसंबून. अडला हरी गाढवाचे पाय धरी. तुम्हाला मिळणारी सूट ही त्याच्या विश्वासातूनच निघालेली असते. म्हणून मी याला घासाघीस म्हणत नाही. घासाघीस दोघेही उठून जाऊ शकतात तेव्हा होते. हे खिंडीत गाठणं आहे.

अर्थशास्त्रात याचा मोठा अभ्यास झालाय. एका बाजूने मागे फिरता येणार नाही असा खर्च केला की दुसरी बाजू अटी बदलायला लागते, आणि ही भीती असली की माणसं मुळात विश्वास टाकायलाच कचरतात. या प्रश्नावर आयुष्यभर काम केलेल्या ऑलिव्हर विल्यमसन यांना २००९ मध्ये आणि ऑलिव्हर हार्ट यांना २०१६ मध्ये नोबेल मिळालं.

"पण कायद्याने चालतं ना?" हो, बऱ्याच ठिकाणी चालतं. इंग्लंडमध्ये तोंडी सौद्यांबद्दल खोट्या साक्षी देऊन लोक कोर्टात जायचे, म्हणून १६७७ च्या कायद्याने जमिनीचा व्यवहार लेखी असायला हवा असं ठरवलं. आज तिथे दोन्ही पक्षांच्या सह्या झालेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत स्वीकारलेली ऑफर कुणालाच बांधील नसते. अनेक आठवडे सगळं हवेत, आणि त्या पोकळीत हे फोन होतात. विक्रेतेही त्याच पोकळीत जास्त पैसे देणारा दुसरा गाठतात, तेही तितकंच वाईट. शेजारी स्कॉटलंडमध्ये वकिलांच्या पत्रांतूनच करार पक्का होतो आणि मग दोघेही बांधले जातात. फ्रान्समध्ये प्राथमिक करारावर सही झाल्यावर खरेदीदाराला माघारीसाठी १० दिवस असतात, विक्रेता मात्र बांधील. मला ही फ्रेंच रीत आवडते, कारण शंका घ्यायला वेळ आहे आणि त्या वेळेला शेवटही आहे. पण कायदा जे अडवत नाही ते सगळं करावंच, असं आपण आयुष्यात दुसरीकडे कुठे वागतो?

शिवाय हा डाव वाटतो तितका हमखास नसतो. १९८२ मध्ये जर्मनीत व्हेर्नर ग्यूट आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला: एकाने रक्कम कशी वाटायची ते सांगायचं, दुसऱ्याने मान्य केलं नाही तर दोघांनाही शून्य. नंतर हा प्रयोग असंख्य वेळा झाला. वाटा वीस टक्क्यांपेक्षा कमी देऊ केला तर साधारण निम्मे लोक हातचे पैसे सोडतात, पण अपमान गिळत नाहीत. घराच्या बाबतीत तर भावना कितीतरी खोल. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त बाईंनी असाच फोन आल्यावर "राहू द्या" म्हणून ठेवून दिला. बांधलेले खोके त्यांनी पुन्हा सोडले. पुढचं घर हातचं गेलं, वकिलाची फी बुडाली. खरेदीदार दोन दिवसांनी जुन्या किमतीला तयार होऊन आला, तेव्हा त्यांनी दारातूनच परत पाठवलं. "ज्याने एकदा फिरवलं तो चावी घेताना परत फिरवेल," असं त्या मला म्हणाल्या. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

विकणाऱ्यांनाही थोडं सांगते. घरातले दोष आधीच लेखी सांगून टाका, म्हणजे नंतर ते कुणाला "सापडणार" नाहीत. तपासणी आणि मूल्यांकन कधीपर्यंत पूर्ण करायचं याची तारीख सुरुवातीलाच ठरवून घ्या. ज्यांना नाही म्हणालात त्यांचे नंबर पुसू नका. आणि तो फोन आलाच, तर फोनवर हो किंवा नाही काहीही म्हणू नका. "कारण आणि त्याचे कागद लेखी पाठवा, वकिलाशी बोलून कळवते" एवढंच बोला आणि ठेवा. खरी अडचण असलेला माणूस तासाभरात कागद पाठवतो. त्याच्याशी जरूर बसून बोला, तोही बिचारा कर्जाच्या कचाट्यात असू शकतो. कागद आलेच नाहीत, तर जुन्या यादीतल्या पहिल्या नंबरवर फोन लावा आणि घर अजून विकायचं आहे म्हणून सांगा.