बारीक स्टीम लाइनला फोर्ज्ड गेट व्हॉल्व्हच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. म्हणणं थोडक्यात असं: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल प्रोसेसिंगला १० किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) दाबावर स्टीम लागत नाही; ओतीव डब्ल्यूसीबी (साच्यात ओतलेलं पोलाद) आणि फोर्ज्ड ए१०५ (ठोकून घडवलेलं पोलाद) यांचं रेटिंगही, म्हणजे कुठल्या तापमानाला किती दाब चालतो तेही, एकच; मग बारीक लाइनला फोर्ज्डच घ्या असं सांगून मी मालकांना उगाच खर्चात का पाडतो?

रेटिंगचा मुद्दा बरोबर आहे. एएसएमई बी१६.३४ या व्हॉल्व्हच्या मानकात दोन्ही एकाच गटात येतात. पण तो तक्ता ओतकाम निर्दोष आहे असं धरून चालतो. धातू साच्यात थिजताना आकसतो आणि जाड भाग पातळ भागाला मिळतो तिथे आत पोकळी राहू शकते. ती दिसायला रेडिओग्राफी लागते. स्टँडर्ड क्लासला, म्हणजे नेहमीच्या रेटिंगच्या व्हॉल्व्हला, ती सक्तीची नाही, आणि २० मिमीच्या ड्रेन व्हॉल्व्हचा एक्स-रे काढतो कोण? हायड्रो टेस्ट होते, मान्य. दीडपट दाबाने, पण गार पाण्यावर. आरपार न गेलेली पोकळी त्यातून सहज सुटते आणि रोजच्या तापण्या-निवण्यात पुढे कधीतरी तोंड उघडते. फोर्जिंगमध्ये तापवलेलं पोलाद डायमध्ये ठोकून घट्ट केलेलं असतं, तिथे ही भीती फारच कमी.

१० किलोची वाफ म्हणजे साधारण १८४ अंश. क्लास ८०० (दाबाचा वर्ग) चा ए१०५ व्हॉल्व्ह गार असताना १३६ बारपर्यंत चालतो, म्हणजे नुसत्या दाबासाठी तो घ्या असं मी म्हणतच नाही. सकाळी लाइन चालू करताना साचलेलं पाणी वाफेबरोबर धावत येऊन आपटतं, फिटर चाकाला पाइप अडकवून जोर लावतो, बारीक लाइनवर कुणीतरी पाय देऊन चढतो. हा मार सोसायचा असतो. काही जण त्याहून स्वस्त म्हणून बिडाचा (कास्ट आयर्नचा) व्हॉल्व्ह लावतात; तो अशा वेळी वाकत नाही, सरळ तडकतो, आणि समोर बॉयलर अटेंडंट उभा असतो. माझा जीव तुटतो तो त्याच्यासाठी.

मी बोलतोय ते ५० मिमीपर्यंतच्या लाइनबद्दल: ड्रेन, व्हेंट, गेजची टॅपिंग. १५० मिमीच्या मेन लाइनला ओतीव पोलादाचाच घ्या. एपीआय ६०२ हे फोर्ज्ड व्हॉल्व्हचं मानकसुद्धा १०० मिमीला थांबतं. साखर कारखान्यांच्या कोजनरेशनला (वाफेवरच्या वीजनिर्मितीला), ५०० अंशांच्या पुढे, ए१०५ सुद्धा चालत नाही. तिथे एफ२२ सारखं मिश्र पोलाद लागतं.

तुम्ही पुढे लिहिलंय, “फोर्ज्ड लावला तरी वर्षात गळायला लागला.” चाक बहुतेक अर्ध्यावर ठेवत असणार. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, एवढ्यासाठीच असतो. अर्धवट उघडल्यावर सगळी वाफ वेजच्या (आतल्या वर-खाली होणाऱ्या पाचरीच्या) खालच्या फटीतून जोरात निघते. व्हॉल्व्ह खोलून वेजची खालची कड पाहा. तारेने कापल्यासारखे बारीक चर दिसतील, सीटवर, म्हणजे वेज जिथे टेकते तिथे, त्याच जागी तसेच. मग कितीही आवळा, वाफ निघतच राहणार, आणि जास्त आवळून स्पिंडल जाईल ते वेगळंच. प्रवाह कमी-जास्त करायचा तर ग्लोब व्हॉल्व्ह बसवा. पैसे वाचतील ते इथे.

आणि खर्चाचंच म्हणाल, तर रंग मारून नवा केलेला जुना माल स्वस्त म्हणून घेऊ नका. बॉडीवर ए१०५, ८०० आणि हीट नंबर (पोलाद वितळवलेल्या खेपेचा क्रमांक) कोरलेला असतो. आयबीआर (भारतीय बॉयलर नियमावली) फॉर्म ३-सी आणि मटेरियलचं सर्टिफिकेट मागा आणि हीट नंबर ताडून पाहा. जुळला नाही, तर माल उतरवून घेऊ नका.